आकड्यांतून सूर : डॅकचा इतिहास आणि घरातली निवड

मागच्या दोन व्याख्यानांत आपण तबकडी आणि टेप यांचा प्रवास पाहिला. आजचा विषय वरवर पाहता बाजारातला वाटेल. घरी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे, स्पीकर आहेत. गाणी मात्र आता मोबाइलमध्ये, लॅपटॉपमध्ये किंवा इंटरनेटवर आहेत. मग मध्ये एक डॅक लागतो. कोणता घ्यायचा?

डॅक म्हणजे काय, हे आधी एका वाक्यात सांगतो. संगणकात गाणं आकड्यांच्या रूपात असतं आणि अ‍ॅम्प्लिफायरला आकडे कळत नाहीत, त्याला कमीजास्त होणारं व्होल्टेज लागतं. आकड्यांचं व्होल्टेज करून देणारा तो डॅक. तुमच्या फोनमध्ये तो आहे, टीव्हीत आहे, सीडी प्लेअरमध्ये आहे. वेगळा डबा म्हणूनही मिळतो, आणि त्याची किंमत काही शे रुपयांपासून काही लाखांपर्यंत जाते.

आता हा डबा घ्यायला तुम्ही लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात तपकीर गल्लीत जा किंवा जाणकार मित्राला फोन करा. साधारण हे सल्ले मिळतील. "बिट किती आहेत ते बघ." "लॅडरवाला घे, डेल्टा-सिग्मा नको." "जिटर कमी पाहिजे." "हाय-रेझ वाजलं पाहिजे." "आतला डॅक काही कामाचा नसतो, वेगळाच हवा." ऐकणारा गोंधळतो, आणि गोंधळलेला माणूस शेवटी महाग वस्तू घेतो. मनात धाकधूक असते ना, की स्वस्त घेतलं तर काहीतरी निसटेल.

या सल्ल्यांतला एकही खोटा नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पण प्रत्येक सल्ल्याला एक जन्मसाल आहे. तो ज्या वर्षी जन्मला त्या वर्षी तो अगदी योग्य होता. त्या सल्ल्यामागची अडचण पुढे सुटली आणि सल्ला मात्र बाजारात फिरत राहिला. आज आपण ही जन्मसालं शोधणार आहोत.

सुरुवात टेलिफोनपासून

१९३७ साल. या वर्षी ऑक्टोबरमध्ये मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ साहेब गेले. त्यांचा आवाज मागे राहिला तो लाखेच्या तबकड्यांवर, खरखरीसकट. त्याच वर्षी पॅरिसमध्ये, आयटीटी या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, अ‍ॅलेक रीव्हज नावाचा इंग्रज अभियंता खरखरीच्याच प्रश्नावर विचार करत होता. दोन्ही घटनांचा संबंध काही नाही, पण काळ ध्यानात राहावा म्हणून सांगितलं.

रीव्हजची अडचण अशी. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारेत आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी तो वाढवावा लागतो. पण वाढवताना आवाजाबरोबर खरखरही वाढते. दहाव्या टप्प्याला माणूस कमी आणि खरखर जास्त. रीव्हजने म्हटलं, आवाज पाठवूच नका. ठरावीक अंतराने आवाजाची उंची मोजा आणि ती मोजमापं आकड्यांत पाठवा. आकडा म्हणजे स्पंद आहे किंवा नाही, एवढंच. स्पंद मळला तरी तो आहे की नाही हे ओळखता येतं, आणि पुढच्या टप्प्यावर नवा कोरा स्पंद पाठवता येतो. १९३८मध्ये त्याने फ्रान्समध्ये पेटंटसाठी अर्ज केला. याला आपण आज पीसीएम म्हणतो. सीडी असो की संगणकातली साधी ध्वनिफीत, पाया हाच.

कल्पना उत्तम होती, पण व्हॉल्व्हच्या जमान्यात ती परवडणारी नव्हती. ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली युद्धात, जिथे खर्च कोणी विचारत नाही. १९४३मध्ये बेल प्रयोगशाळेने सिगसॅली ही गुप्त संभाषणाची यंत्रणा उभी केली. वॉशिंग्टनचं पेंटागॉन आणि लंडन यांच्यात ती चालू झाली, आणि लंडनचं यंत्र होतं सेल्फरिजेस या बड्या दुकानाच्या तळघरात. एका टोकाच्या यंत्राचं वजन पन्नास टनांच्या घरात होतं. त्या ढिगाऱ्याचा एक भाग आकड्यांवरून पुन्हा आवाज बनवत होता. म्हणजे तोही एक डॅकच. सेनापतींचं बोलणं कळत होतं, पण त्याला कोणी सुरेल म्हटलं नसतं.

पायऱ्या दिसतात, पण ऐकू येत नाहीत

इथे जरा थांबू, कारण एक गैरसमज याच टप्प्यावरचा आहे. तुम्ही ते चित्र पाहिलं असेल. एक गुळगुळीत लाट, आणि तिच्यावर डिजिटलच्या पायऱ्या. खाली लिहिलेलं असतं की डिजिटलमध्ये मधला आवाज हरवतो. मग ओघानंच येतं, पायऱ्या बारीक केल्या की आवाज चांगला.

हे चित्र अर्धवट आहे. १९२८मध्ये हॅरी नायक्विस्टने तारायंत्राच्या संदर्भात आणि १९४९मध्ये क्लॉड शॅननने व्यापक स्वरूपात एक गोष्ट मांडली. ध्वनीत जी सर्वांत वरची वारंवारता आहे तिच्या दुपटीहून जास्त वेळा दर सेकंदाला मोजमाप घेतलं, तर त्या मोजमापांमधून जाणारी लाट एकच असू शकते. दुसरी बसतच नाही. म्हणजे दोन मोजमापांच्या मधला भाग हरवलेला नसतो, तो ठरलेला असतो. डॅकच्या शेवटी जो फिल्टर असतो तो ही लाट पुन्हा काढतो. डॅकच्या बाहेर येणाऱ्या तारेवर ऑसिलोस्कोप लावला तर गुळगुळीत लाटच दिसते.

माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर त्याहून बरंच कमी. म्हणजे दर सेकंदाला ४०,०००हून थोडी जास्त मोजमापं पुरतात. मग सीडीचा तो विचित्र आकडा, ४४,१००, आला कुठून?

तो आला टीव्हीवरून. १९७०च्या दशकात एवढे आकडे साठवू शकेल असं सोयीचं यंत्र म्हणजे व्हिडिओ टेप रेकॉर्डर. आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात चित्र म्हणून टेपवर घ्यायचे. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत सेकंदाला ६० अर्धचित्रं, प्रत्येकात वापरता येतील अशा २४५ ओळी, प्रत्येक ओळीत ३ मोजमापं. गुणाकार करा, ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० अर्धचित्रं, २९४ ओळी, ३ मोजमापं. पुन्हा ४४,१००. आपल्या दूरदर्शनची पद्धतही ५०चीच. दोन्हीकडे जमणारा आकडा म्हणून तो टिकला. संगीतशास्त्राशी त्याचं नातं एवढंच की तो ४०,०००हून पुरेसा वर आहे.

तराजू आणि सोळा वजनं

आता मूळ अडचणीकडे येऊ. आकडे साठवले, पण त्यांचं व्होल्टेज कसं करायचं?

भाजीवाल्याचा तराजू आठवा. समजा त्याच्याकडे सोळा वजनं आहेत. पहिलं १ ग्रॅमचं, दुसरं २, मग ४, ८, असं दुप्पट करत शेवटचं ३२,७६८ ग्रॅमचं, म्हणजे जवळजवळ ३३ किलोचं. ही वजनं ठेवून-काढून शून्यापासून ६५,५३५पर्यंत कोणतंही वजन करता येतं. सोळा बिट म्हणजे ही सोळा वजनं. डॅकमध्ये वजनांच्या जागी रेझिस्टरची शिडी असते. हाच तो लॅडर डॅक.

यातली मेख कुठे आहे? ३३ किलोच्या वजनात अर्ध्या ग्रॅमचीही चूक चालत नाही, नाहीतर १ ग्रॅमच्या वजनाला अर्थच उरत नाही. टक्केवारीत सांगायचं तर ०.००१५ टक्के अचूकता. त्या काळी दुकानात मिळणारा बरा रेझिस्टर १ टक्क्याचा होता. आणि चूक नेमकी कुठे ऐकू येते बघा. लाट शून्याच्या जवळ वर-खाली होते तेव्हा सगळ्यात मोठं वजन काढून बाकीची पंधरा ठेवावी लागतात, किंवा उलट. म्हणजे मोठ्या वजनाची चूक मोठ्या आवाजात नाही, हळू आवाजात बोचते. तानपुऱ्याची आस विरत जाते ना, सर्वांत शेवटी जे सूक्ष्म गुंजन उरतं, तिथे. पहिल्या काळातल्या डिजिटलला लोक 'कोरडं' म्हणाले. त्याची बरीच कारणं ध्वनिमुद्रणात आणि फिल्टरमध्ये होती, पण एक कारण हे होतं. त्या लोकांचे कान खोटं सांगत नव्हते.

प्रयत्न जपानमध्ये आधी सुरू झाले. एनएचके या नभोवाणीच्या प्रयोगशाळेने १९६७मध्ये १२ बिटचा ध्वनिमुद्रक दाखवला. डेनॉनने १९७२मध्ये १३ बिटचा. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बीबीसीने स्टुडिओतून एफएम प्रक्षेपकापर्यंत आवाज पोचवायला १३ बिटचं पीसीएम वापरायला सुरुवात केली. गंमत लक्षात घ्या. नंतरच्या काळात जे इंग्रज श्रोते एफएमच्या 'अस्सल अ‍ॅनालॉग' गोडव्याचे गोडवे गात होते, त्यांच्यापैकी अनेकांच्या रेडिओपर्यंत आवाज डॅकमधूनच येत होता.

मग आली सीडी. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ती ठरवली. फिलिप्सच्या हातात १४ बिटचा चांगला डॅक होता, म्हणून त्यांना १४ बिट हवे होते. सोनीचा आग्रह १६चा. मान्य झालं १६. आता फिलिप्सच्या अभियंत्यांपुढे पेच उभा राहिला. तराजू चौदा वजनांचा आणि माल सोळा वजनांचा.

त्यांनी काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. प्रत्येक दोन मोजमापांच्या मध्ये गणिताने आणखी तीन मोजमापं भरली, म्हणजे सेकंदाला ४४,१००ऐवजी १,७६,४००. मग प्रत्येक वेळी तराजूवर जी चूक राहते ती पुढच्या मोजमापात वळती केली. आपण सुटे पैसे नसले की दुकानदाराला म्हणतो, "पुढच्या वेळी बघू", तसंच. चूक नाहीशी होत नाही, पण ती ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत ढकलली जाते. याला ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात. १४ बिटचा टीडीए१५४० या युक्तीने १६ बिटच्या तोडीचं काम करू लागला.

१ ऑक्टोबर १९८२ला सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीला आला, किंमत १,६८,००० येन. त्यात १६ बिटचा डॅक होता, पण एकच. डावा आणि उजवा आवाज तो आळीपाळीने काढायचा, त्यामुळे एक बाजू सेकंदाच्या ११ दशलक्षांश भागाने मागे पडायची. हे ऐकून आज नाक मुरडलं जाईल. पण तेवढ्या वेळात आवाज हवेत जेमतेम ४ मिलिमीटर जातो. खुर्चीत बसल्या बसल्या मान जरा वळवली तरी त्याहून जास्त फरक पडतो. फिलिप्सच्या सीडी१००मध्ये दोन बाजूंना दोन डॅक होते, १४ बिटचे. कागदावर सोनी सरस, आणि तरीही फिलिप्सचं यंत्र ऐकायला कमी नव्हतं.

म्हणजे 'बिट किती?' या सल्ल्याचं जन्मसाल १९८२. आणि जन्माच्याच वर्षी त्याला अपवाद सापडला होता.

एक बिट, आणि वर्तमानपत्रातलं छायाचित्र

पुढची काही वर्षं जाहिरातींत बिट वाढत गेले, १६, १८, २०. कारखान्यात चिपवरचे रेझिस्टर लेसरने घासून अचूक केले जात. त्यातूनही निवड व्हायची. फिलिप्सच्या टीडीए१५४१ए या चिपचे निवडक नग मुकुटाची खूण छापून वेगळे विकले जात. आजही जुन्या बाजारात त्या मुकुटाला भाव आहे, आणि म्हणूनच नकली मुकुटही भरपूर आहेत.

मग १९८०च्या दशकाच्या शेवटी वारं एकदम फिरलं. फिलिप्सचं बिटस्ट्रीम आलं, मात्सुशिता कंपनीचं मॅश आलं. जाहिरात काय? "फक्त एक बिट!" कालपर्यंत वीस बिट चांगले, आज एक बिट चांगला. ग्राहकाने काय समजायचं?

तत्त्व सोपं होतं आणि जुनंही होतं. १९६२मध्ये टोकियो विद्यापीठातल्या इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी डेल्टा-सिग्मा पद्धत मांडली होती. वर्तमानपत्रातलं जुनं काळं-पांढरं छायाचित्र आठवा. छापखान्याकडे शाई एकच, काळी. करडा रंग नाहीच. तरी लांबून पाहिलं की चेहऱ्यावरची सावली दिसते, कारण ठिपके कुठे दाट आहेत आणि कुठे विरळ. डेल्टा-सिग्मा डॅक हेच करतो. व्होल्टेजच्या पातळ्या फक्त दोन, पण त्या सेकंदाला लाखो वेळा बदलायच्या, आणि चुकीचा हिशेब सतत पुढे वळता करत राहायचा. तराजूला वजन एकच उरलं की मोठ्या आणि छोट्या वजनाच्या जुळणीचा प्रश्नच संपला. शून्याजवळचा तो जुना दोष गेला. आणि महागडं लेसरचं काम गेल्यामुळे चिप स्वस्त झाली. हा मुद्दा विसरू नका. चांगला आवाज स्वस्त होण्याचं हे मोठं वळण आहे.

एकाच बिटचे स्वतःचे काही त्रास होते. म्हणून १९९०च्या दशकात दोन्ही विचार एकत्र आले. थोड्या पातळ्या, मोठा वेग, आणि पातळ्यांच्या घटकांची सतत अदलाबदल, म्हणजे एखाद्यात दोष असला तरी तो एका जागी साचत नाही. आज बाजारातल्या बहुतेक चिप याच वंशाच्या आहेत.

'लॅडर घ्या' हा सल्ला मग आजही का ऐकू येतो? सुरुवातीच्या एक-बिट यंत्रांवर लोक नाराज होते, त्या नाराजीची ती आठवण आहे. आज हाताने जुळवलेल्या रेझिस्टरचे लॅडर डॅक पुन्हा बनतात, काही तर ओव्हरसॅम्पलिंगशिवायचे असतात. अशा डॅकमध्ये २०,००० हर्ट्झजवळ आवाज साधारण ३ डेसिबल खाली येतो. कोणाला तो मवाळपणा आवडतो. आवडो बापडा. पण ती चव आहे, अचूकता नाही, आणि चवीसाठी किती मोजायचे हे ज्याचं त्याने ठरवावं.

वेगळा डबा आणि डळमळणारी लय

सीडी प्लेअरमधून डॅक बाहेर काढून वेगळ्या डब्यात ठेवण्याची पद्धत १९८०च्या दशकात रूढ झाली. कारण रास्त होतं. स्वस्त प्लेअरमध्ये मोटर, डिस्प्ले, वीजपुरवठा आणि डॅक एकाच पत्र्याच्या डब्यात कोंबलेले असत. शिवाय डॅक दर वर्षी सुधारत होता, प्लेअरची यंत्रणा तितकी नाही. डबाच बदलला की काम झालं.

पण वेगळं केल्याने एक नवा प्रश्न जन्मला, जिटर. तबल्याचा ठेका घ्या. बोल सगळे बरोबर, पण मात्रा कधी किंचित आधी पडते, कधी किंचित नंतर. बोल चुकले असं म्हणता येत नाही, पण लय डळमळते. डॅकमध्ये आकडा बरोबर असून चालत नाही, तो नेमक्या क्षणी व्होल्टेज झाला पाहिजे. एकाच डब्यात होतं तेव्हा एकच घड्याळ सगळ्यांना लय देत होतं. आता प्लेअरचं घड्याळ एकीकडे, डॅक दुसरीकडे, आणि लय यायची तारेतून, आकड्यांच्याच बरोबर. डॅकला ती तारेतून ओळखून काढावी लागे. १९९०च्या आसपासच्या काही यंत्रांत हे नीट जमत नव्हतं, आणि ते मोजता येत होतं.

संगणक आला तेव्हा हा त्रास आधी वाढला, मग सुटला. असिंक्रोनस यूएसबी पद्धतीत डॅक स्वतःच्या घड्याळाने चालतो आणि संगणकाला सांगतो, "मला आता एवढे आकडे दे." लय पुन्हा डॅकच्या हातात आली. ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअल तारेसाठीही आजच्या साध्या चिपमध्ये लय सावरण्याची चांगली सोय असते. जिटरच्या सल्ल्याचं जन्मसाल साधारण १९९०. आज नीट बनवलेल्या स्वस्त डॅकमध्येही तो ऐकू येण्याच्या पातळीच्या फार खाली असतो.

हाय-रेझ आणि डोळे झाकून ऐकणं

१९९९मध्ये सुपर ऑडिओ सीडी आली, पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ. दोन्ही फारशा चालल्या नाहीत, पण '२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ' हे आकडे तिथून घराघरांत पोचले.

ते ऐकू येतात का? २००७मध्ये मेयर आणि मोरान यांनी अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध केली. सुपर ऑडिओ सीडीचा आवाज थेट, आणि तोच आवाज मध्ये सीडीच्या १६ बिट-४४.१ किलोहर्ट्झच्या गाळणीतून काढून. ऐकणाऱ्याला माहीत नाही कोणता कोणता. ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं २७६. म्हणजे नाणं उडवल्यासारखं. या चाचणीवर आक्षेप आले, वापरलेल्या काही तबकड्यांचं मूळ मुद्रणच तितकं उच्च दर्जाचं नव्हतं असा. तो आक्षेप रास्त होता. २०१६मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोग एकत्र तपासले. बरोबर उत्तरं सुमारे ५२ टक्के. फरक अगदी शून्य नाही, आणि सराव केलेल्यांना तो अधिक जाणवतो. पण ज्या गोष्टीवर जाहिरातींची पानं भरली, ती इतकी बारीक आहे.

याच काळात ध्वनिमुद्रणात काय चाललं होतं? आवाजाची चढाओढ. १९९०च्या दशकापासून सीडी दुसऱ्याच्या सीडीपेक्षा जोरात वाजावी म्हणून गाण्यातला हळू आणि मोठा यांतला फरकच दाबून टाकायचा. मेटालिका या बँडचा २००८चा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम इतका दाबलेला होता की तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी वाजतात असं त्यांच्याच चाहत्यांना आढळलं. सोळा बिट मिळून ९६ डेसिबलचं अंगण मिळतं, आणि आपण सगळे एका कोपऱ्यात गर्दी करून उभे. अशा मुद्रणाला लाखाचा डॅकही मोकळं करू शकत नाही. तसंच खाँ साहेबांच्या जुन्या तबकडीचं. तिच्यात जे उतरलंच नाही ते कोणताही डॅक आणणार नाही, आणि जे उतरलं आहे ते साधा डॅकही पूर्ण देईल.

आग आणि अ‍ॅडॉप्टर

अलीकडच्या दोन घटना सांगतो आणि निवडीकडे येतो.

२०१६मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७मधून हेडफोनची जागा काढली आणि ९ डॉलरचा एक अ‍ॅडॉप्टर दिला. बोटभर तार, आणि तिच्यात डॅक. लोकांनी थट्टा केली. पण अशा अ‍ॅडॉप्टरचं मोजमाप अनेकांनी घेतलं तेव्हा दिसलं की डिस्टॉर्शन आणि खरखर यांत ते सीडीच्या गरजेला पुरून उरतात. सिगसॅलीला पन्नास टन लागले होते.

दुसरी घटना, ऑक्टोबर २०२०. जपानमध्ये नोबेओका इथे एकेएम कंपनीच्या चिप कारखान्याला आग लागली. जगातले अनेक डॅक याच चिपवर अवलंबून होते. टंचाई झाली, आणि बऱ्याच उत्पादकांना दुसऱ्या कंपनीची चिप घेऊन यंत्रं नव्याने आखावी लागली. नुसती चिप काढून दुसरी बसवता येत नव्हती. वीजपुरवठा, फिल्टर, बाहेर पडणारा टप्पा, सगळं पुन्हा जुळवावं लागलं. डॅक म्हणजे डब्यावर नाव छापलेली चिप नव्हे, तिच्याभोवतीचा सगळा संसार त्यात येतो, हे या आगीने दाखवलं.

मग घ्यायचा कोणता?

आता आपल्या दिवाणखान्यात येऊ. माझ्या मते प्रश्न या क्रमाने विचारावेत.

पहिला, वेगळा डॅक हवाच आहे का? नव्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा डॅक असतोच. चालू स्थितीतल्या सीडी प्लेअरमध्येही असतो. घरात आधीच तीन-चार डॅक असतात आणि आपण पाचवा शोधत असतो.

दुसरा, जोडायचं काय आहे? टीव्ही असेल तर ऑप्टिकल, जुना सीडी प्लेअर असेल तर कोअ‍ॅक्सिअल, लॅपटॉप असेल तर यूएसबी. आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण अनेक घरांत अर्थिंग धड नसतं. लॅपटॉप चार्जिंगला लावून अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की ५० हर्ट्झची गुणगुण सुरू होते. लोक डॅकला दोष देऊन तो बदलतात. आधी चार्जर काढून बघा. ऑप्टिकल तारेत वीज जातच नाही, त्यामुळे त्या वाटेने ही गुणगुण येत नाही. पुष्कळदा शेदोनशे रुपयांच्या तारेवर भागतं.

तिसरा, व्होल्टेज. सीडी प्लेअरपासून २ व्होल्ट ही रूढी पडली आहे. फोनचा अ‍ॅडॉप्टर सुमारे १ व्होल्ट देतो, तोही बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरना चालतो, फक्त बटण थोडं जास्त फिरवावं लागतं. १९७०च्या काळातला अ‍ॅम्प्लिफायर असेल तर उलट अडचण, २ व्होल्ट त्याला जास्त होतात आणि बटण जरासं फिरवलं की घर दणाणतं. तिथे आवाज कमी करता येणारा डॅक घ्यावा. आणि डॅक थेट पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला जोडणार असाल, तर चालू करताना तो पूर्ण आवाजावर सुरू होत नाही ना, हे दुकानातच तपासा. स्पीकर जळण्याचा तो सोपा मार्ग आहे.

चौथा, तुलना कशी करायची? दोन डॅक शेजारी ठेवले आणि एक किंचित जोरात वाजत असेल, तर कान त्यालाच 'खुला', 'स्पष्ट' म्हणतो. अर्ध्या डेसिबलचा फरक आवाज वाढल्यासारखा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानदाराला हे माहीत असतं. म्हणून मल्टिमीटरने दोन्हींचं व्होल्टेज सारखं करा आणि घरातल्या कोणाला तरी न सांगता बदलायला लावा. दहापैकी पाच वेळा ओळखलंत तर पैसे वाचले.

पाचवा, खोली. पंखा चालू असलेल्या खोलीत शांतता म्हणजे ४० डेसिबलच्या आसपास. खूप जोरात ऐकलं तरी वर १००. मध्ये उरले ६०. आजचा बरा डॅक १००च्या वर देतो. तेव्हा शिल्लक पैसे स्पीकरवर, जाड पडद्यावर, सतरंजीवर, पुस्तकांच्या कपाटावर खर्च केलेत तर फरक पहिल्याच दिवशी कळेल.

महाग डॅक घेऊच नका, असं मी म्हणत नाही. नीट बांधलेली वस्तू, चांगलं बटण, दुरुस्तीची सोय, हे सगळं पैसे देण्याजोगं आहे. फक्त आपण कशाचे पैसे देतो आहोत ते कळलेलं असावं. कारण यात जे पणाला लागतं ते पैशापेक्षा मोठं आहे. आपल्या साध्या संचावर ज्याला गाणं पोचत होतं, त्याला कोणीतरी येऊन सांगतं की तुला खरं ऐकूच येत नाही, आणि तो गाणं सोडून उपकरण ऐकू लागतो. रीव्हजपासून टोकियोच्या त्या तिघांपर्यंत जेवढ्यांनी डोकं लढवलं, ते हा मधला डबा कोणाच्या ध्यानातही येऊ नये म्हणूनच. ते काम त्यांनी चोख केलं आहे.

म्हणून पुढच्या वेळी सल्ला मिळाला की एवढंच विचारा : हा कोणत्या सालचा? इथे थांबतो. पुढच्या व्याख्यानात स्पीकरचा इतिहास घेऊ, तिथले बरेच प्रश्न अजून सुटायचे आहेत. आता तुमचे प्रश्न घेऊ या.